वाळवंट किती मिलिमीटरचे?

मुद्दा वरकरणी क्षुल्लक आहे, हे आरंभीच मान्य करून टाकतो. वसाहतकाळातील वाळवंटी लढाया टेबलावर मांडताना शिशाचा सैनिक अठ्ठावीस मिलिमीटर उंच असावा की सहा, आणि तो कोणत्या कारखान्याच्या मालिकेतून घ्यावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घेण्याजोगा नाही, असे आम्हांलाही गेल्या पावसाळ्यापर्यंत वाटत होते. मरोळला महिन्यातून एका रविवारी जमणाऱ्या आमच्या छोट्या वाचनगटाने पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे वाचन हाती घेतले. शैबाची लढाई नुसती वाचून कळत नाही, ती मांडून पाहू, असे गटातल्या एका तरुण प्राध्यापकाने सुचवले. मग आकृत्या कोणत्या घ्यायच्या यावरून जो वाद पेटला तो अद्याप विझलेला नाही. त्या वादात आम्ही तिघे अल्पमतात होतो. अल्पमतातल्यांना बैठकीत बोलू दिले जात नाही तेव्हा ते लेख लिहितात. हा तसाच एक लेख.

बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे: या काळासाठी जगभर अठ्ठावीस मिलिमीटरचे प्रमाण रूढ आहे. या उंचीत मालिकांची श्रीमंती आहे. पेरी बंधूंची सुदानची मालिका आहे, आर्टिझनची वायव्य सरहद्दीची आहे; चेहरे कोरीव, कपड्यांच्या चुण्या स्पष्ट, रंगवायला हात शिवशिवतात. मेसोपोटेमियातल्या मराठा पलटणी हव्या असतील तर शिखांचे पुडे मागवावेत, खाकी रंग द्यावा आणि पुढे जावे. ‘तीन फुटांवरून दाढी कोणाला दिसते?’ हे आमच्या त्या मित्राचे वाक्य. या छंदात तसा एक नियमच मानला जातो: टेबलाशी उभे राहून तीन फुटांवरून जे बरे दिसते ते बरे. आमचा पहिला आक्षेप या वाक्याला आहे, आणि दुसरा त्या वाक्याला आसरा देणाऱ्या अठ्ठावीस मिलिमीटरला.

आधी दाढीचे पाहू. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजांवर चढली आणि ६ नोव्हेंबरला फाव येथे उतरली. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याच्या नैर्ऋत्येला शैबाची तीन दिवसांची लढाई झाली. नोव्हेंबरात टेसिफॉनला चार हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाल्यावर हीच सेना मागे हटत कुत-अल-अमाराला आली आणि तेथे वेढली गेली. तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. डिसेंबरापासून जवळजवळ पाच महिने त्यांनी तो सोसला. धान्य संपत आले, घोड्यांचे मांस खावे की न खावे यावर हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा मागवाव्या लागल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सेनापती टाउनशेंड यांची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली व तेथे त्यांची बडदास्त राहिली. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले. पुढे ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. तिचे मोल काय, हे त्या पायी चाललेल्यांना विचारायला हवे होते.

ही माणसे कोठली होती? साताऱ्याजवळचे एक गाव आपल्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लावते: अपशिंगे (मिलिटरी). पहिल्या महायुद्धात या एका गावातले शेहेचाळीस जण कामी आले. आम्ही मरोळच्या मिलिटरी रोडवरून वर्षानुवर्षे ये-जा करतो, त्या शब्दाकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. अपशिंग्याचे वाचल्यानंतर त्या रस्त्याची पाटी आम्हांला थोडी खुपू लागली, एवढे खरे.

तेव्हा ‘शीख घ्या आणि खाकी रंगवा’ हा उपाय आम्हांला सोयीचा वाटत नाही. शीख पलटणींबद्दल आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न वेगळा आहे. यादी कोणी केली, हा तो प्रश्न. या मालिकांच्या सूच्या चाळल्या की हिंदी सैन्य म्हणून शीख, गुरखा, पठाण आणि बंगालचे भालाईत स्वार हेच पुन्हा पुन्हा भेटतात. ही यादी मूर्तिकाराने आपल्या मनाने केलेली नाही. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांचा असा दृढ समज होता की लढाऊ जमाती उत्तरेत राहतात आणि दक्षिणेकडे जावे तसतसे पाणी पातळ होत जाते. या समजाच्या आधारे मुंबई व मद्रास इलाख्यांतली भरती आक्रसली. ज्या महार शिपायांनी मुंबईच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांना तर १८९० नंतरच्या काही वर्षांत दारच बंद झाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे त्या बंद दाराच्या अलीकडच्या पिढीतले. महायुद्धाने माणसे खाऊन संपवल्यावर १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध सरताच काही वर्षांत मोडली गेली. म्हणजे माणसांना उंचीने, छातीने, जातीने वर्गवारी लावून पुड्यांत भरण्याचे काम खेळण्यांच्या कारखान्यांनी सुरू केलेले नाही. भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हस्तपुस्तिका निघत असत; मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरची मेजर बेथम यांची पुस्तिका १९०८ ची आहे. आजची सूची ही त्या पुस्तिकांची नातवंडे आहे, फक्त शिशातली.

गंमत म्हणजे जुनी खेळणी या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे, चोपन्न मिलिमीटरचे सैनिक काढायला सुरुवात केली. त्यांच्या आरंभीच्या संचांत बंगालबरोबर मद्रास आणि मुंबईच्या पलटणीही होत्या. कारण उघड आहे: तेव्हा सैन्यच इलाखावार होते. १८९५ मध्ये तीन इलाख्यांची सैन्ये एक झाली, १९०३ मध्ये किचनेर यांनी पलटणींना नवे क्रमांक दिले आणि मुंबईच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले. तिसरीची एकशे तिसरी झाली, दहावीची एकशे दहावी, सतरावीची एकशे सतरावी. मुंबई इलाखा त्या शंभराच्या आकड्यात जिरून गेला. आमच्या प्राध्यापक मित्राला हे क्रमांक तोंडपाठ आहेत. त्यांचा अर्थ मात्र त्याने कधी लावून पाहिला नाही.

ज्या सुदानच्या मालिकेची एवढी वाखाणणी होते त्या सुदानातही मुंबईची माणसे होती. २२ मार्च १८८५ रोजी तोफ्रेक येथे काटेरी कुंपण घालण्याचे काम चालू असताना महदीच्या सैनिकांनी अचानक हल्ला केला, तेव्हा पंधराव्या शीख व सतराव्या बंगाल पलटणींबरोबर अठ्ठाविसावी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीही तेथे होती. आणि मैवंद? २७ जुलै १८८० ची ती लढाई इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, कारण डॉक्टर वॉटसनला तेथे गोळी लागली. कल्पित डॉक्टरची जखम आपण परीक्षेत लिहितो. सहासष्टाव्या गोऱ्या पलटणीच्या बॉबी नावाच्या कुत्र्याचेही नाव इतिहासाने जपले आहे. त्याच मैदानावर पहिली मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबईच्या दोन पलटणी कापल्या गेल्या, त्यांतल्या एकाही शिपायाचे नाव आमच्या गटातल्या कोणाला सांगता आले नाही. आम्हांलाही नाही. हे कबूल करताना आम्हांला आनंद होत नाही.

येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. ‘मराठा’ असे नाव लिहिलेला पुडा उद्या बाजारात आला तर आमचे समाधान होईल काय? होणार नाही. मराठा म्हणवणाऱ्या या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. कोकणातला मराठा आणि देशावरचा मराठा असा भेद भरती अधिकारी करीत, आणि तो माणसे स्वतःही करीत. एका साच्यातून काढलेला झुपकेदार मिशीचा वीर या सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून उभा केला तर दाढीवाल्याच्या जागी मिशीवाला आला, इतकेच.

आता अठ्ठावीस मिलिमीटर. या उंचीच्या बहुतेक आकृत्या ज्या पद्धतीने घडवल्या जातात तिला या छंदाच्या परिभाषेत ‘हिरॉइक’ म्हणतात. डोके शरीराच्या मानाने मोठे, हाताचे पंजे जाडजूड, बंदुकीची नळी प्रत्यक्षात असती तर तोफेची वाटावी अशी. कारण तांत्रिक आहे: ओतकामात बारीक भाग तुटतात, आणि दुरून चेहरा व शस्त्र ओळखू यावे लागते. त्यामुळे प्रत्येक शिपाई पुढारी दिसतो. वीस जणांच्या तुकडीत वीसही जण आरोळी ठोकत असतात. प्रत्यक्ष लढाईत बहुतेक माणसे बहुतेक वेळ पडून राहतात, वाट पाहतात, पाण्याची पखाल कधी येते याकडे डोळे लावून बसतात. पडून राहिलेल्या, कंटाळलेल्या, हगवणीने हैराण झालेल्या शिपायाची आकृती कोण विकत घेईल?

आणि येथे आम्हांला साहित्याच्या वर्गातून बाहेर पडून पुन्हा वर्गातच यावे लागते. मराठी ऐतिहासिक कादंबरी ही नेमकी या ‘हिरॉइक’ प्रमाणात लिहिली गेली आहे. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ व ‘श्रीमान योगी’पर्यंत मस्तक मोठे, हात मोठे, तलवार त्याहून मोठी. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) बुणग्यांना, भुकेला, लाखभर पोटांना जागा मिळाली, म्हणून ती कादंबरी आम्हांला अजून वाचावीशी वाटते, तरीही तिचा कॅमेरा पुनःपुन्हा सेनानायकाच्या डेऱ्याकडे वळतोच. या परंपरेत पगारी शिपाई बसत नाही. परक्या राजासाठी, परक्या मुलखात, महिना ठरावीक रुपयांवर लढणारा, हरलेला, कैद झालेला सातारकर तर मुळीच बसत नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे साचाच नाही. मालिकेत मराठा नाही म्हणून आम्ही इंग्रज कारखानदारावर रागावतो. आमच्या मालिकेत तरी तो कोठे आहे? हा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला तेव्हा चहा आला आणि विषय बदलला.

वाळवंटाकडे येऊ, कारण मुख्य भांडण तेच आहे. वाळवंट म्हणजे अंतर. अठ्ठावीस मिलिमीटरची आकृती माणसाच्या सुमारे एक-साठांश असते. या प्रमाणात एक किलोमीटर साडेसोळा मीटरांहून अधिक होतो. लढाईचे सर्वसामान्य टेबल सहा फूट लांब असते, म्हणजे एकशे दहा मीटर. तेवढ्या अंतरावरून माणूस माणसाला हाक मारू शकतो. त्या काळच्या ली-एन्फील्ड रायफलीच्या नेमीवर दोन हजार यार्डांपर्यंत खुणा असत. त्या पल्ल्याला न्याय द्यायचा तर आमच्या सोसायटीचे सबंध आवार लागेल, आणि तेथे गाड्या उभ्या असतात. एक-बहात्तरांश प्रमाणाचे मऊ प्लॅस्टिकचे सैनिक घेतले (आमच्यातल्या वयस्करांनी लहानपणी पाहिलेले एअरफिक्सचे ‘फॉरेन लिजन’ आणि ‘बेदुइन अरब’ याच जातकुळीतले), तरी किलोमीटरला चौदा मीटर हवेत. पंधरा मिलिमीटरच्या आकृत्यांना नऊ. सहा मिलिमीटरच्या, म्हणजे एक-तीनशेअंश आकृत्यांना सव्वातीन.

टेबलावर कोणतेच प्रमाण खरे नसते, हे यावरून दिसते. म्हणून खेळणारे आकृतीचे प्रमाण एक धरतात आणि जमिनीचे दुसरे. कथनाचा काळ आणि कथेतला काळ यांची लांबी वेगळी असते, हे आपण वर्गात शिकवतोच. त्यात गैर काही नाही. मात्र या दोन प्रमाणांतली दरी जितकी रुंद तितके मैदान खोटे होत जाते. अठ्ठावीस मिलिमीटरच्या शैबात तुर्की खंदक आणि आपली फळी एकमेकांच्या श्वासाइतकी जवळ येतात आणि लढाईची गल्लीतली मारामारी होते. शैबाच्या वर्णनांत मृगजळाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. समोर हलते आहे ते घोडदळ की खेचरे की नुसती हवा, हे ठरवता येत नसे. टेबलावर ज्याची दाढी दिसते त्याच्याबद्दल असा संभ्रम होईल कसा? ज्या गोष्टीने ती लढाई फिरवली, ती गोष्टच या उंचीत मांडता येत नाही.

शिवाय ‘वाळवंट’ या शब्दाचीही झडती घ्यायला हवी. या मालिकांसोबत विकल्या जाणाऱ्या चटया पिवळ्याजर्द असतात, कडेला दोन खजुरीची झाडे, एक विहीर, एक घुमट. दक्षिण इराकची जमीन अशी नाही. ती नद्यांच्या गाळाची, सपाट, उन्हाळ्यात विटेसारखी कडक होणारी आणि पावसात पाय धरून ठेवणारी जमीन आहे. शैबाच्या वेळी बसरा व शैबा यांमधल्या मैदानात पुराचे पाणी पसरले होते, माणसे आणि रसद बेल्लम नावाच्या लांबोळ्या नावांतून जात होती. जानेवारी १९१६ मध्ये कुतच्या सुटकेसाठी निघालेली फौज हन्ना येथे पावसात आणि चिखलात अडली व मारली गेली. पाणथळीत अडकलेल्या सेनेला पिवळ्या चटईवर उभे करायचे, तिच्या समोर झग्यांतले बेदुइन ठेवायचे आणि त्याला मेसोपोटेमिया म्हणायचे, हा प्रकार आम्हांला मान्य नाही. समोर प्रामुख्याने तुर्की नियमित सेना होती. तिच्याकडे तोफा होत्या, खणलेले खंदक होते, आणि तिच्यातही सक्तीने भरती झालेले शेतकरीच होते. झग्यांच्या पुड्याला सूचीत ‘टोळीवाले’ म्हणतात. आमच्या गटातल्या दोघांनी एडवर्ड सैद यांच्यावर शोधनिबंध लिहिले आहेत आणि त्याच दोघांनी तो पुडा निवडला होता. असो.

हा सारा परदेशी छंद, आपण त्यात का पडावे, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना आम्ही दिवाळीची आठवण करून देतो. माती, दगड, पोती यांचा किल्ला उभा करून त्यावर अळीव पेरायचे, गेरूने बुरूज सारवायचे आणि बाजारातून आणलेली ‘चित्रे’ मांडायची, हा युद्धखेळाचा आमचा स्वतःचा संप्रदाय आहे. मरोळच्या गावठाणापासून नव्या टोलेजंग इमारतींच्या तळमजल्यापर्यंत तो अजून तग धरून आहे. त्या चित्रांच्या प्रमाणाची थट्टा होते: महाराज दरवाजाहून उंच, वाघ घोड्याएवढा, मावळा तोफेहून मोठा, आणि कोपऱ्यात कोणीतरी ठेवलेला हिरव्या प्लॅस्टिकचा बंदूकवाला. आम्हांला त्या विसंगतीत काही गैर दिसत नाही. तेथे उंची महत्त्वावरून ठरते आणि ते लपवले जात नाही. बोरिवलीजवळच्या एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या ओळी असलेल्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. वल्हेकरी इवलेसे आणि वीर ठळक. वरच्या पट्टीत तो स्वर्गी जातो, वल्हेकऱ्यांचे पुढे काय झाले ते दगड सांगत नाही. निदान तो सांगितल्याचा आवही आणत नाही. अठ्ठावीस मिलिमीटरवाले मात्र गणवेशाच्या गुंड्या मोजतात, पट्ट्याच्या रंगावरून रात्र जागवतात, त्याला ‘ऐतिहासिक अचूकता’ म्हणतात, आणि मग पलटणच बदलून टाकतात.

इतके लिहून झाल्यावर आमच्याच बाजूतली खोट सांगणे भाग आहे. ती बहुमताने दाखवली नाही, आमच्यातल्याच एकीने दाखवली. सहा मिलिमीटरची आकृती म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिला चेहरा नाही. मराठा, शीख, तुर्क सगळे सारखेच. तुम्हांला नाव नसलेल्या माणसाला जागा द्यायची होती आणि तुम्ही त्याचा चेहराही पुसून टाकलात, असे ती म्हणाली. त्यावर बराच वेळ आम्हांला उत्तर सुचले नाही.

कारण हे पूर्वी एकदा प्रत्यक्षात घडलेले आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांना थडगे नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची कोरली गेली नाहीत. पलटणीचे नाव आणि त्याखाली किती जण याचा आकडा, एवढेच. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने स्मरणातल्या अशा विषमतेबद्दल २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, खऱ्याखुऱ्या वाळवंटात नेऊन ठेवले गेले होते. आकडे त्या दगडांबरोबर तिकडे गेले.

युद्धखेळाच्या अनेक नियमपुस्तकांत एक आकृती म्हणजे वीस माणसे असा हिशेब असतो. अठ्ठावीस मिलिमीटरमध्ये साडेसातशेची पलटण मांडायला जागा नाही आणि परवडतही नाही, म्हणून अडतीस आकृत्या ठेवायच्या. एका देखण्या आकृतीच्या पोटात एकोणीस माणसे गडप. चेहरा आहे, पण तो वीस जणांत एक. बसऱ्याचा आकडा आणि हा हिशेब यांत आम्हांला फरक दिसत नाही. सहा मिलिमीटरमध्ये एकास एक मांडणी शक्य होते. बॅकससारख्या कारखान्यांच्या या आकृत्या चार-चारच्या पट्टीत येतात. एकशे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या म्हणजे सबंध पलटण. चेहरा कोणालाच नाही, मात्र प्रत्येकाची जागा आहे, आणि एक उचलला तर तेथे भोक दिसते. आमच्या मैत्रिणीचे यावर पूर्ण समाधान झालेले नाही. आमचेही झालेले नाही. पण दोन अपुऱ्या पर्यायांत आम्ही हा निवडला, आणि का निवडला ते सांगू शकतो.

मालिकेत नाही म्हणून पर्याय नाही, हा युक्तिवाद तर आता उरलेलाच नाही. अंधेरी-मरोळच्या औद्योगिक गाळ्यांत त्रिमित छपाई करून देणारे आहेत. संगणकावर आकृती घडवा, हव्या त्या उंचीत काढून घ्या. यावर बहुमताने लगेच सुचवले की अठ्ठाविसाचीच आकृती पडद्यावर आक्रसून सहाची करू. केलीही. बंदुकीच्या नळ्या केसासारख्या बारीक होऊन धुतानाच मोडल्या, आणि मोठ्या डोक्यांची ती पिल्ले भोपळ्यांच्या वेलीसारखी दिसू लागली. कादंबरीची पाने फाडून कथा होत नाही, हे ज्यांनी आयुष्यभर शिकवले त्यांनी हा प्रयोग करावा याचे आम्हांला नवल वाटले. लहान उंचीसाठी वेगळी कोरणी लागते: नळी जाड, पाय एकत्र, पगडीचा नुसता डौल. आमच्या एका विद्यार्थ्याने तीन रात्री बसून ती केली. दाढी नाही. मिशीही नाही.

गेल्या बैठकीत आम्ही एकट्या ११०व्या पलटणीच्या पट्ट्या घेऊन गेलो. टेबल-टेनिसचे टेबल नऊ फुटी, म्हणजे आमच्या प्रमाणात आठशे मीटरच होते, ते पुरले नाही. म्हणून सभागृहाच्या फरशीवर खडूने रेघ मारून शैबाचे मैदान आखले, दोन खुर्च्या बाजूला केल्या, पुराच्या पाण्यासाठी निळी ओढणी अंथरली. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात, आणि त्यांत पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही लिहिलेला असतो. आमच्या मैत्रिणीने त्यांतली काही नावे वहीत उतरवून आणली होती. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि पट्ट्यांच्या तळाला बारीक पेनाने एकेक नाव लिहू लागली. प्राध्यापक मित्र तीन फुटांवर उभा होता. थोड्या वेळाने तो खाली वाकला, चश्मा कपाळावर सरकवला, आणि तिसऱ्या पट्टीवरचे गाव आपल्या मामाच्या गावाशेजारचे आहे की काय, ते विचारू लागला. बाराव्या पट्टीपर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा सोसायटीच्या रखवालदाराने सभागृह बंद करायचे आहे म्हणून सांगितले. एकशे शहात्तर राहिल्या आहेत.